हवेची गादी: कोणाला द्यायची, कोणाला नाही

(महिला बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातलं भाषण)

कामं आटपून निवांत बसलेल्यांना नमस्कार, आणि एका हाताने भाकरी थापत ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. विषय आहे हवा भरायची गादी. जत्रेत फुगा फुगवतात तशी फुगवायची, झोपायचं, सकाळी हवा सोडून घडी घालायची. आता बचत गटाच्या कार्यक्रमात हिचं काय काम, असं वाटेल. पण आम्ही अकोले तालुक्यात गटांच्या समन्वयाचं काम करतो, आणि गेल्या काही बैठकांमध्ये कर्जमागणीच्या अर्जात शेळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला ही गादी यायला लागली आहे.

कारण साधं आहे. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस धो-धो लागायच्या आधी, पुरुषवाडी, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या भागात काजवे बघायला मुंबई, पुणे, नाशिकची माणसं येतात. थंडीत तळ्याकाठी तंबूत राहायला येतात. कोणाच्या पडवीत उतरतात, कोणाच्या खाचरात तंबू ठोकून राहतात. आपल्या बाया त्यांना पिठलं-भाकरी, नाचणीची भाकरी, मासवडी करून घालतात. आणि जेवण झालं की पाहुणे विचारतात, मावशी, गादी आहे का? जमीन टोचते.

मग कोणीतरी म्हणतं, दहा गाद्या घेऊन टाकू, भाड्याने देऊ. आणि पाठोपाठ दुसरी म्हणते, लग्नसराईत पाहुण्यांना होईल. तिसरी म्हणते, आमची सासू सहा महिने अंथरुणाला खिळलीय, तिलाही होईल. एकाच गादीवर पर्यटक, वऱ्हाडी आणि आजारी सासू अशा तिघांना झोपवायचा बेत झाला! इथेच जरा थांबायला हवं. म्हणून आज हा विषय.

आधी ही गादी असते कशी ते बघू. ती पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असते. वरची बाजू मखमलीसारखी, म्हणजे चादर घसरू नये. आत कापूस नाही, फोम नाही, नुसती हवा. हवा सगळी एकीकडे जाऊ नये म्हणून आत प्लास्टिकचेच पडदे जोडलेले असतात. एका टोकाला हवा भरायचं तोंड असतं, त्याला वॉल्व म्हणतात. बाजारात सर्रास मिळणारी एकाची गादी साधारण ९९ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सव्वातीन फूट. दोघांची १५२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे पाच फूट, आणि २०३ सेंटीमीटर लांब. फुगल्यावर उंची वीतभराहून थोडी जास्त.

ही मापं आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण तंबूवर 'दोन माणसांचा' असं लिहिलेलं असतं आणि गादीवरही 'दोघांची' असं लिहिलेलं असतं, पण ती दोन माणसं सारखी नसतात. दोन माणसांचे बरेच तंबू आतून पाच फूटसुद्धा रुंद नसतात. गादी आत नेऊन फुगवली की ती तंबूच्या कापडाला दोन्हीकडून रेटते, कापडाची शिवण ताणते, आणि पावसात तिथूनच पाणी आत येतं. तेव्हा टेप घेऊन आधी तंबूचा तळ मोजायचा. कपड्याचं माप न घेता झंपर बेतत नाही आपण, तसंच हे.

आणि आमचं मत विचाराल तर भाड्याने द्यायला दोघांची गादी घेऊच नका. एकेकाच्या घ्या. दोघांच्या गादीवर एक जण कुशीवर वळला की दुसरा हलतो. एक भारी आणि एक हलका असेल तर हलका घरंगळत भारी माणसाकडे येतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी पाहुणे चहा घेताना एकमेकांकडे बघत नाहीत. एकेकाच्या दोन गाद्या शेजारी लावल्या तर जोडप्याचं काम होतं आणि सुट्या करून दोन मैत्रिणींनाही देता येतात. एक फुटली तर एकच जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला वाटतं गादी म्हणजे ऊब. हवेच्या गादीत ऊब नसते. गोधडीत, कापसाच्या गादीत हवा असतेच, पण ती कापसाच्या तंतूंमध्ये अडकून बसते, हलत नाही, म्हणून अंगाची ऊब धरून ठेवते. या गादीत हवा मोकळी फिरते. खालून जमीन गार, वरून अंग गरम. आतली हवा अंगाची ऊब घेऊन खाली जमिनीला देऊन येते. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी असं झोपलेला माणूस दोन पांघरुणं घेऊनही पहाटे कुडकुडत उठतो, कारण थंडी खालून आलेली असते आणि पांघरुणं वर असतात.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. गादीच्या वर, माणसाच्या खाली, गोधडी अंथरायची. जाड वाकळ असेल तर उत्तमच. गादीच्या खालीही सतरंजी किंवा जुनं घोंगडं टाकायचं. मग हवेची गादी जमिनीचे उंचवटे झाकते आणि ऊब गोधडी देते. ज्या गटांतल्या बाया गोधड्या शिवतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं. शहरातल्या दुकानात मिळणारी गादी पाहुणा स्वतःही घेऊन येऊ शकतो, पुष्कळ जण गाडीच्या डिकीत टाकून आणतातच. जुन्या लुगड्यांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी त्याच्याकडे नसते. आमच्या माहितीतल्या एका गावात पाहुण्यांनी गादीचं भाडं दिलंच, वर गोधडी विकत मागितली.

थंडीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. पाहुण्याला थंडी वाजली की तो शेगडी मागतो, आणि आपल्यालाही वाईट वाटतं, बिचारा लांबून आलाय. बंद तंबूत किंवा दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्याची शेगडी अजिबात द्यायची नाही. ठिणगी उडून गादी पेटेल, वितळेल, हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला तो कळत नाही, आणि माणूस सकाळी उठत नाही. बाहेर शेकोटी करा, शेकून आत जाऊ द्या, गरम पाण्याची पिशवी द्या. डासांची कॉइलसुद्धा गादीपासून लांब, तंबूच्या बाहेर. कॉइलची राख पडून जे भोक पडतं ते मोहरीएवढं असलं तरी गादी रात्रीत जमिनीला टेकते.

दुसरी गोष्ट तान्ह्या बाळांची. काजव्यांच्या दिवसांत एक जोडपं आठ महिन्यांचं बाळ घेऊन आलं होतं. त्यांनी एक गादी मागितली, बाळाला मध्ये घेऊन झोपू म्हणाले. त्या घरच्या वहिनींनी गादी दिली नाही. पाहुणी जरा नाराज झाली. वहिनींनी पडवीत सतरंजीवर घट्ट गोधडीची घडी घालून बाळाचं अंथरूण केलं, शेजारी आईचं केलं, आणि मग समजावून सांगितलं.

त्यांनी केलं ते अगदी बरोबर. हवेची गादी बाळाखाली खोलगट होते. बाळ पालथं झालं तर त्याचं नाक-तोंड त्या खळग्यात दबतं, आणि मान उचलून बाजूला व्हायची ताकद त्याच्यात नसते. गादी आणि तंबूच्या कापडामध्ये, किंवा गादी आणि भिंतीमध्ये जी फट राहते, तिच्यातही बाळ घसरून अडकतं. गादीतली हवा अर्धवट गेली असेल तर धोका आणखी वाढतो. मोठं माणूस शेजारी झोपलं असेल तर बाळ त्याच्या बाजूला घरंगळतं. अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या सरकारी आयोगाने बाळांना हवेच्या गादीवर झोपवू नये असा इशारा दिलेला आहे, आणि तिकडे अशा गाद्यांवर १५ महिने व त्याहून लहान बाळाला झोपवू नका अशी सूचना असते. आपल्याकडच्या खोक्यावर ती असो वा नसो, बाळ सगळीकडचं सारखंच असतं. घरीसुद्धा, दुपारी लेकराला जरा त्या गादीवर टाकते आणि भांडी घासून येते, असं करू नका. भाड्याने देताना विचारायचं, 'सोबत बाळ आहे का?' आहे म्हणाले तर बाळाला सतरंजी-गोधडीचं घट्ट अंथरूण, ते आपल्याकडून फुकट. पाहुणा रागावला तर रागावू दे.

आता म्हाताऱ्या माणसांचं. ज्यांचे गुडघे धरलेत त्यांना जमिनीलगतच्या या गादीवरून उठणं फार जड जातं. काठावर बसायला गेलं की काठ दबतो आणि माणूस पुढे सरकतो. आजी-आजोबा आले तर त्यांना खाटच द्या, बाज असेल तर बाज.

आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं. हा भाग आम्ही सावकाश सांगतो, कारण इथे दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ होते आणि पैसे वाया जातात. पैशांचं एक वेळ सोडा, माणसाचे हाल होतात. दवाखान्याच्या साहित्याच्या दुकानात एक हवेची गादी मिळते. तिला एअर बेड म्हणतात, बबल मॅट्रेसही म्हणतात. ती अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून असते. तिला छोटा विजेचा पंप जोडलेला असतो आणि तो दिवसरात्र चालू ठेवायचा असतो. गादीला ओळीने फुगे किंवा नळ्या असतात. काही मिनिटं एक ओळ फुगते आणि शेजारची बसते, मग उलट होतं. त्यामुळे अंगाच्या एकाच जागेवर सारखा भार राहत नाही. तंबूतली गादी असं काही करत नाही. ती एकदा फुगवली की तशीच. खिळलेल्या माणसाला तिच्यावर ठेवलं तर माकडहाडावर, टाचांवर, कोपरांवर, डोक्याच्या मागे भार पडायचा तो पडतोच. शिवाय प्लास्टिकवर घाम साचून कातडी ओली राहते. एका ताईंनी सासूबाईंसाठी तंबूची गादी आणली, कारण दोन्हींचं नाव दुकानात 'एअर बेड' असंच सांगितलं गेलं. दोन आठवड्यांत कमरेखाली लाल चट्टा दिसायला लागला, तेव्हा आशाताईंनी तो ओळखला.

दवाखान्याची गादी घेतली तरी काम संपत नाही. ती नेहमीच्या गादीच्या वर अंथरायची, तिच्यावर एकच सुती चादर, सुरकुत्या न पडता. चार घड्या करून रग टाकला तर फुग्यांचा उपयोगच होत नाही. माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायचीच. लाइट गेली की पंप बंद पडतो, अशा वेळी आणखी लक्ष ठेवायचं. रोज अंघोळ घालताना हाडं वर आलेल्या जागा उजेडात बघायच्या. लाल जागा बोटाने दाबून सोडली आणि लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची. तिथे चोळायचं नाही, तेल लावून रगडायचं तर मुळीच नाही. त्या जागेवरचा भार काढायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. आणि एक, सायकलची ट्यूब किंवा हवेचं कडं कमरेखाली ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. तीही सोडायला हवी. कड्यामुळे मधली जागा सुटते, पण भोवतालच्या कातडीवर गोल ताण येऊन तिथलं रक्त अडतं. ही गादी पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या भाड्यानेही मिळते, तेव्हा विकत घ्यायच्या आधी विचारून बघा. गावात एका गटाने अशी एक गादी घेऊन ठेवली तर ती तंबूच्या दहा गाद्यांपेक्षा जास्त उपयोगाची, असं आम्हाला वाटतं.

बरं, आता तंबूच्या गादीकडे परत. घ्यायचीच ठरली तर काय बघायचं?

सगळ्यात आधी हवेचं तोंड. ते रुंद असलं तर सकाळी हवा पटकन जाते, नाहीतर गादीवर लोळत बसावं लागतं. झाकण गादीलाच जोडलेलं हवं, सुटं असेल तर पहिल्याच दिवशी गवतात हरवतं. मग खोक्यावर किती किलो वजन चालतं ते वाचा. सारख्या मापाच्या दोन गाद्या हातात घेऊन वजन बघा. जी जड, तिचं प्लास्टिक सहसा जाड. पक्कं बिल घ्या, आणि ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत फुगवून बघा.

घरी आणल्यावर लगेच पाहुण्याला द्यायची नाही. सारवलेल्या घरात चादर टाकून तिच्यावर फुगवा, रात्रभर ठेवा. सकाळी जरा मऊ झालेली दिसेल. घाबरू नका, दुकानदारालाही लगेच शिव्या घालू नका. नवीन प्लास्टिक ताणलं जातं, नव्या चपलेचा पट्टा सैल होतो तसं. पुन्हा भरा, दुसऱ्या रात्री बघा, तिसऱ्या रात्री बघा. प्रत्येक रात्री तेवढीच किंवा जास्त बसत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, परत द्या.

आणखी एक, हवा थंड झाली की आक्रसते. संध्याकाळी उकाड्यात ताठ भरलेली गादी पहाटेच्या गारव्यात मऊ पडते, भोक नसतानाही. म्हणून पाहुण्याला आधीच सांगून ठेवायचं, आणि झोपायच्या आधी एकदा हवा बघायची. उलट दुपारच्या उन्हात ताठ भरलेली गादी तशीच बाहेर ठेवली तर आतली हवा फुगून शिवण सुटते. दगडासारखी टणक कधीच भरायची नाही. गुडघा टेकवून बघायचा. किंचित दबला पाहिजे, पण जमिनीला लागता कामा नये.

पंप कोणता घ्यायचा? काही गाद्यांच्या आतच विजेचा पंप बसवलेला असतो. घरात तो सोयीचा, खाचरात निरुपयोगी. आपल्याकडे लाइट कधी जाते ते आपल्याला माहीत आहे. आम्ही पायपंप किंवा हातपंप घ्यायला सांगतो, तो मुलंसुद्धा हौसेने मारतात. तोंडाने फुंकायची नाही. डोकं गरगरतं, आणि श्वासातला ओलावा आत जाऊन बुरशी धरते, मग गादी उघडली की कुबट वास.

तंबूत अंथरायची तर जागा साफ करण्यात कंटाळा करू नका. भात कापल्यावर खाचरात जी धसकटं राहतात ती भाल्यासारखी असतात. कुसळं, करवंदीचे काटे, बाभळीचे काटे हे सगळं आधी खराट्याने झाडायचं, मग हाताने चाचपायचं, मग ताडपत्री, मग तंबू, आत सतरंजी, आणि तिच्यावर गादी. पाहुण्यांना सांगायचं की खिशातल्या चाव्या, कमरेचा पट्टा, केसातले चिमटे काढून झोपा. कुत्र्याला आत घेऊ देऊ नका, पाहुण्यांचं लाडकं असलं तरी.

एवढं करूनही भोक पडतंच. शोधायची रीत सायकलच्या ट्यूबसारखी. गादी ताठ भरायची, आधी वॉल्वला साबणाचं पाणी लावायचं, कारण निम्म्या वेळा झाकणच नीट बसलेलं नसतं. मग शिवणी, मग खालची बाजू. बुडबुडे आले की पेनाने गोल काढायचा. हवा पूर्ण सोडायची, जागा कोरडी करायची. भोक मखमलीच्या बाजूला असेल तर तेवढी मखमल पॉलिश पेपरने घासून काढायची, नाहीतर ठिगळ लवला चिकटतं आणि लव निघून येते. ठिगळ पीव्हीसीचं आणि चिकटवायचा पदार्थही पीव्हीसीला चालणारा हवा. सायकलवाल्याकडचं सोल्युशन रबराचं असतं, ते या प्लास्टिकला धरत नाही. ठिगळ लावून वर पाटा ठेवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. आतला पडदा सुटून गादीला मोठं टेंगूळ आलं तर ती दुरुस्त होत नाही. ती कापून ताडपत्रीसारखी वापरा, धान्य वाळवायला नको पण सरपणावर घालायला बरी. आणि टायरचं पंक्चर काढायचा जो फवारा मिळतो, तो गादीत मारायचा नाही. त्यात पेट घेणारा वायू असू शकतो.

ठेवताना ओल्या कापडाने पुसा, रॉकेल किंवा फिनेल लावू नका, सावलीत वाळवा. दर वेळी एकाच रेषेवर घडी घातली की तिथे चीर जाते, म्हणून सैल गुंडाळी करा. आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा. उंदराला प्लास्टिक कुरतडायला फार आवडतं.

राहिला हिशेब. पेन घ्या. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारातले तुम्ही घाला. एकाची गादी १,८०० रुपयांना धरू. दहा गाद्यांचे १८,०००. दोन पायपंप २,४००. एकेका गादीला दोन चादरी, म्हणजे २० चादरी, २५० प्रमाणे ५,०००. ताडपत्र्या १,५००. झाले २६,९००. भाडं रात्रीला १०० रुपये. काजव्यांचा हंगाम चार आठवडे, शुक्रवार-शनिवार धरून आठ रात्री. दहाच्या दहा गाद्या रोज गेल्या तरी ८,०००. थंडीत १२ शनिवार, पण तेव्हा चारपेक्षा जास्त गाद्या कोणी मागत नाही. म्हणजे ४८ रात्रींचे ४,८००. एकूण १२,८००. चादर धुणं, साबण, मजुरी दर वेळी २० रुपये काढले की हातात १०,२४०. भांडवल निघायला तिसरं वर्ष उजाडतं. तंबूत परक्या माणसांखाली वापरलेली गादी तिसऱ्या वर्षी धड राहील, यावर आम्ही पैज लावणार नाही.

आता चारच गाद्या घेतल्या तर? गाद्या ७,२००, एक पंप १,२००, आठ चादरी २,०००, ताडपत्र्या ६००. एकूण ११,०००. हंगामात ३,२०० आणि थंडीत ४,८०० मिळून ८,०००. धुलाईचे १,६०० गेले, उरले ६,४००. दुसऱ्या वर्षात भांडवल निघतं. लग्नसराईत गावात ५० रुपयांनी दिली तर आणखी लवकर. अंतर्गत कर्ज दरमहा १ टक्क्याने घेतलं तर ११,००० वर पहिल्या महिन्याला ११० रुपये व्याज, तेही धरा. म्हणून दहाच्या मागे लागू नका. चार घ्या, एक हंगाम बघा. पाचवा पाहुणा आला तर त्याला सतरंजी आणि दोन गोधड्या द्या, त्याचेही पैसे घ्या.

प्रत्येक गादीवर न जाणाऱ्या शाईने नंबर घाला आणि वहीत त्या नंबरचं पान करा: कधी गेली, कोणाकडे गेली, कधी भोक पडलं, ठिगळाला काय खर्च आला. अनामत रक्कम आधी घ्या आणि परत करताना गादी त्यांच्यासमोर फुगवून बघा. आणि गादी देताना विचारायचे तीन प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत मुलीने गादी दिली तरी ती विचारेल: सोबत बाळ आहे का, कोणी आजारी किंवा खूप वयस्कर आहे का, आणि गादी तंबूत टाकणार की घरात.

पुढच्या आठवड्यात याच वेळी गोधडीच्या कापडाचा आणि धाग्याचा हिशेब घेऊन येऊ. तोवर तुमच्या गावात दवाखान्याची हवेची गादी कोणाकडे पडून आहे का, याची चौकशी करून ठेवा. घरात वापर संपलेली गादी पुष्कळदा माळ्यावर असते, आणि शेजारच्या गल्लीत कोणीतरी तिच्यासाठी पैसे जमवत असतं.